नाडी अजून चालू आहे

सोमवार, ४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद, खुशाली वगैरे लिहून कागद वाया घालवत नाही. तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, आणि ऑफिसच्या मेलवरून लिहिलं तर तुझ्याआधी साहेब वाचणार. म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या जुन्या घरमालकिणीकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला फोनवर दोनदा रडून दाखवलं.

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहिते आहे. पण कामाचं विचारायचं आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला विचारावं असं इथे कोणी उरलेलं नाही.

आपला फाइल सर्व्हर आठवतो ना? जिन्याखालच्या खोलीतला. ज्याचा पंखा ऐकून तू म्हणायचास, ताई, याला दमा झालाय. तोच अजून चालतोय. गेल्या आठवड्यात त्याने इशारा दिला की डिस्क एक्याण्णव टक्के भरली. मी म्हटलं, साठवला असेल लोकांनी कचरा, आणि झाडू घेऊन बसले. हजेरीच्या बाईंच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ तीन फोल्डरांत तीनदा सापडला. नकाशा विभागात एकाच नकाशाच्या चाळीस प्रती. 'शेवटचा', 'अगदी शेवटचा', 'साहेबांनी पाहिलेला शेवटचा'. सगळं काढलं. अकरा जीबी सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर त्यातले दोन परत भरलेले.

मग पदर खोचला. प्रत्येक फोल्डर मोजला, लपवलेलेही. सगळ्यांची बेरीज तीनशे वीस जीबी. आणि डिस्क म्हणते, पाचशेपैकी चारशे पंचेचाळीस भरलेत. म्हणजे सव्वाशे जीबी असे आहेत जे जागा अडवून बसलेत आणि कुठेच दिसत नाहीत. रोज दोनाने वाढतात. मी कचरापेटी पाहिली, जुने बॅकअप पाहिले, डिस्क तपासून घेतली. ताकास तूर लागू देत नाही.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "बंद करून चालू कर की. आमच्या घरचा टीव्ही तेवढ्यानेच सुधारतो." मधेच बंद करता येणार नाही, सगळा प्लांट त्याच्यावर फाइली टाकतो. पंधरा तारखेला, शुक्रवारी, देखभालीसाठी प्लांट थांबणार आहे. तेव्हा बंद करून चालू करायचं, असं ठरलंय. पण कारण न कळता असं काही मिटवलं की माझ्या डोक्यात भुंगा राहतो, हे तुला माहीत आहे.

तुझ्या वेळचं काही मागे राहिलं असेल का? तसं तुझं सगळं ऑफिसने तेव्हाच काढून टाकलं होतं. तरी आपलं विचारते.

बाबा बरे आहेत. गुडघा सोडला तर. तुझं नाव काढत नाहीत, आणि मीही काढत नाही. एवढ्या लहान घरात दोन माणसांनी एक नाव टाळायचं म्हणजे फार सांभाळून चालावं लागतं.

ताई


गुरुवार, ७ मार्च

धाकट्या,

सापडलं.

आज मी उलटीकडून गेले. फाइल शोधायचं सोडलं आणि सर्व्हरला विचारलं, बाबा रे, कोणता प्रोग्राम कोणती फाइल धरून बसलाय ते दाखव, त्यातही पुसलेल्या तेवढ्या. एकच ओळ आली. प्रोग्रामचं नाव नाडी. सुरू झाल्याची तारीख तुझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. पुढे आकडा, एकशे तेहतीस जीबी. आणि ओळीच्या शेवटी लिहिलेलं, पुसलेली.

खोलीत एकटीच होते, तरी मागे वळून पाहिलं.

जेवताना बाबांनी विचारलं, "तोंड का उतरलंय?" मी त्यांना समजेल असं सांगितलं. संगणकावर फाइल पुसणं म्हणजे दारावरची पाटी काढून टाकणं. यादीत ते घर दिसेनासं होतं. पण आत कोणी राहत असेल तर तो राहतोच, आणि तो बाहेर पडेपर्यंत ती जागा दुसऱ्याला मिळत नाही.

"मग आत कोण राहतंय?" बाबा म्हणाले.

"जुना एक प्रोग्राम आहे."

कुणाचा ते मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. ताटात होतं तसंच ठेवून उठले.

दोन वर्षं आणि दोन महिने झाले, धाकट्या. एवढ्या काळात सर्व्हर एकदाही बंद पडला नाही, त्यामुळे तुझा प्रोग्रामही पडला नाही. गाळाच्या तलावाचा बांध म्हणजे बिछान्यावरचं माणूस, त्याची रोज नाडी बघावी लागते, असं तू सगळ्यांना सांगत फिरायचास. खाणीतला ओला गाळ वर तलावात, तो अडवायला मातीचा बांध, आणि बांधाच्या पायथ्याशी आपण साडेतीनशे घरं. तू म्हणायचास आणि लोक जांभया द्यायचे. आणि हा बिचारा अजून बांधाच्या पोटातल्या एकवीस नळ्यांतला पाण्याचा दाब आणि जमिनीची थरथर टिपून एका फाइलीत लिहितोय, जी कुणालाच दिसत नाही. अगदी तुझ्यावर गेलाय.

ऑफिसातल्या कुणीतरी फोल्डर काढून टाकला आणि प्रोग्राम बंद करायचं विसरलं, असं झालेलं दिसतं. घाईत होतं असं.

एक मात्र कळत नाही. तो तासातून एक मिनिट ऐकायचा, हे मला आठवतं. त्या हिशेबाने दोन वर्षांत पन्नास-साठ जीबी व्हायला हवे होते. बाकीचे सगळे गेल्या तीन महिन्यांतले आहेत. या आठवड्यात रोज तीन जीबी. एवढं काय लिहितोय तो? तुला माहीत असणार. दोन ओळी तरी पाठव.

ताई


मंगळवार, १२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र नाही. ठीक आहे. मला कळलं.

तुझी निळी वही माझ्या कपाटात आहे. तू निघून गेलास त्या दिवशी मी ती उचलून ठेवली होती, कशाला ते विचारू नकोस. त्यात तू लिहिलंयस, सगळं शांत असेल तर तासाला एक मिनिट ऐकायचं. दाब चढू लागला की दहा मिनिटं. आणखी चढला की अर्धा तास. तापाच्या माणसाजवळ आपण जसे जास्त वेळ बसतो तसं, हे तुझेच शब्द आहेत.

काल तो दिवसातून तेवीस तास ऐकत होता.

म्हणजे डिस्क भरतेय ती कचऱ्याने नाही. मी पंधरा दिवस जागा शोधत बसले होते आणि ती जागाच ओरडून सांगत होती.

पुसलेली असली तरी प्रोग्रामने धरून ठेवलेली फाइल त्याच्या हातातून वाचता येते. दोन दिवस तेच करते आहे. घरची मोठी डिस्क नेऊन प्रत काढायला लावली आहे, हळूहळू निघतेय. तेरा नंबरच्या नळीतला दाब तीन महिन्यांपूर्वी चढू लागला. याच तीन महिन्यांत साहेबांनी नवा प्लांट चालू केला आणि तलावाची पातळी वाढवली. आज तेरा नंबरचा आकडा तू भोंगा वाजवलास त्या दिवसापेक्षाही वर आहे.

त्या दिवसाचंही पाहिलं मी. सगळं त्याच फाइलीत आहे. तू भोंगा वाजवलास, अख्खी वसाहत डोंगराच्या शाळेत गेली, तीन दिवस बसली, काही झालं नाही, आणि लोकांनी तुझं नावच भोंगा ठेवलं. पण त्या तीन दिवसांत तेरा नंबरचा दाब भराभर उतरलाय. आपोआप नाही उतरला. प्लांटच्या पातळीच्या नोंदीत तलावाचं पाणी त्याच तीन दिवसांत दीड मीटरने खाली गेलंय. साहेब घाबरले होते, धाकट्या. त्यांनी गुपचूप पाणी सोडलं, बांधाला उसंत मिळाली, आणि मग चौकशीत छाती पुढे काढून म्हणाले, बघा, काही झालं का? तुझ्यामुळे वाचले सगळे. आणि तुलाच हाकललं.

आता लिहायचं ते लिहिते. मागच्या पत्रात मी 'कुणीतरी' लिहिलं. फोल्डर मी काढला. तुझी चौकशी संपल्यावर नाही, माझी साक्ष व्हायच्या आदल्या दिवशी. काढण्याआधी मी तो उघडून पाहिला होता. तेरा नंबरचा आकडा माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि दुसऱ्या दिवशी चौकशीत मी म्हटलं, तेरा नंबरचं यंत्र बिघडलेलं आहे, आकडा खोटा आहे. सही केली त्याखाली.

साहेब म्हणाले होते, याची बदली होईल फक्त, आणि बाबांचं क्वार्टर त्यांच्याकडेच राहील. पण सगळं साहेबांवर ढकलत नाही. मला तुझा रागही होता. तू शिकून आलास, बाबा तुझ्याकडे बघून मान ताठ करून चालायचे, आणि मी त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायची. एकदा तुझं नाक खाली झालेलं बघावं असं वाटलं होतं मला. नोकरी जाईल, तू घर सोडशील, एवढं वाटलं नव्हतं. पण आधी थोडं तरी वाटलंच होतं.

हे पत्र फाडलंस तरी चालेल. पण वाचून फाड.

ताई


गुरुवार, १४ मार्च

धाकट्या,

काल बाबांना सगळं सांगितलं. मी काय केलं तेही. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "कोणता नंबर म्हणालीस?"

"तेरा."

ते उठले. मग चप्पल घालून बाहेर पडले, दुखरा गुडघा घेऊन. दोन तासांनी आले ते हातात पाण्याची बाटली घेऊन. बांधाच्या पायथ्याला झिरपलेलं पाणी जिथून बाहेर येतं त्या मोरीतलं पाणी. ते त्यांनी काचेच्या ग्लासात ओतलं आणि ग्लास खिडकीत ठेवला.

"हात लावू नकोस," म्हणाले. "मातीचा बांध झिरपतोच. स्वच्छ झिरपला तर धड आहे. गढूळ झिरपला तर समजायचं, आतून पोखरतोय."

ग्लासात पाणी चहासारखं दिसत होतं. संध्याकाळपर्यंत वर निवळ झालं आणि तळाला बोटभर माती बसली.

मग बोलले. बांधाचं काम चालू होतं तेव्हा बाबा मुकादम होते हे तुला माहीतच आहे. तेरा नंबरची नळी आज जिथे आहे तिथे तेव्हा झरा लागला होता. काम थांबवून तो बाहेर वळवायला हवा होता. वरून हुकूम आला, दगड टाका, माती टाका, पुढे चला. बाबांनी दगड टाकले. कुणाला बोलले नाहीत, आईलाही नाही. तू भोंगा वाजवलास तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, आठवतं? कोणता नंबर, म्हणून. तू तेरा म्हणालास आणि ते तोंड फिरवून बसले. आपण समजलो ते तुझ्यावर रागावलेत.

"त्याच्याकडे बघायचं तोंड नव्हतं मला," असं म्हणाले काल. शब्द त्यांचे आहेत, मी जसेच्या तसे लिहिलेत.

आपल्या घरात खरं बोलणारा एकच होता आणि त्याला आम्ही दोघांनी मिळून घराबाहेर काढलं.

प्रत आज दुपारी पूर्ण निघाली. उद्या साहेबांसमोर जाते आहे.

ताई


शुक्रवार, १५ मार्च

धाकट्या,

गेले होते. प्लांट थांबला होता, त्यामुळे ऑफिसात कमालीचं शांत होतं. साहेबांना आलेख दाखवला, ग्लासाबद्दल सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ते मी नाकारत नाही. मग टेबलाचा खण उघडून एक कागद काढला आणि माझ्यासमोर सरकवला.

"ही सही कोणाची?"

माझी. तेरा नंबरचं यंत्र सदोष आहे, त्याखाली.

"माझीच आहे, साहेब. ते खोटं होतं."

"तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय, हे मी कसं ठरवायचं? तुम्हीच सांगा." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "बाई, बांधावर शंका म्हणजे खाण बंद. बाराशे माणसं घरी बसतील. माझीही मुलं याच वसाहतीत वाढतायत. मला काय हौस आहे का?"

"मग पाणी उतरवा. मागच्या वेळी उतरवलं होतंत तसं."

त्यावर ते उठलेच. जिन्याखाली आले, मी मागोमाग. डिस्क सत्त्याण्णव टक्के झाली होती. मी म्हटलं, बंद करू नका, एकदा बंद झाला की हा प्रोग्राम परत चालू करता येणार नाही, त्याचा फोल्डर मीच काढलाय. "बरंच झालं," म्हणाले, आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं.

पंखा थांबला. मग पुन्हा घरघरला. दहा मिनिटांनी पडदा उजळला. डिस्क चौसष्ट टक्के.

"बघा," साहेब म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला." पाठीवर थाप मारल्यासारखं हसले आणि वर गेले.

फाइलीची प्रत माझ्याकडे आहे. पण चालता प्रोग्रामही त्याच रीतीने उचलून ठेवता आला असता, आणि ते मला सुचलं नाही. चार दिवस फाइल-फाइल करत बसले आणि जो लिहीत होता त्याला विसरले. आता बांधाचं काय चाललंय ते कोणीही ऐकत नाहीये. सर्व्हर अगदी निवांत आहे. मी आयुष्यात एवढी कशाला घाबरले नव्हते.

तुझ्याकडे नाडीची मूळ प्रत असेलच. पाठव. माझ्याशी बोलू नकोस, पण ती पाठव.

ताई


रविवार, १७ मार्च

धाकट्या,

शाळेतून लिहिते आहे, डोंगरावरच्या. चौथीच्या वर्गात, छोट्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून.

भोंग्याची खोली साहेबांनी तुझ्यानंतर कुलूपबंद करून टाकली आहे. म्हणून काल सकाळी बाबा आणि मी दारोदार गेलो. मी बोलू लागले की लोक हसायचे. "भाऊ झाला, आता बहीण." "तुमच्या घराण्याला भोंग्याचा वसाच आहे का गं?" शेजारच्या शिलाईवाल्या काकूंनी तर मशीनवरचा पायही उचलला नाही. मग बाबा पुढे झाले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तो ग्लास.

प्रत्येक दारात तेच बोलले. "हा बांध मी बांधलाय. याच्या पोटात काय आहे ते मला माहीत आहे. पोरं उचला आणि वर चला."

दुसरं काही सांगितलं नाही. चाळीस वर्षं त्या माणसाने बांधाविरुद्ध शब्द ऐकून घेतलेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक ग्लासाकडे बघायचे, बाबांच्या तोंडाकडे बघायचे, आणि आत जाऊन पिशव्या भरायचे. दुपारपर्यंत साडेतीनशे घरं रिकामी झाली. काकूंनी शिलाई मशीन डोक्यावर आणली.

बाबा शाळेच्या पायरीवर बसून खाली बघत आहेत. मोरीचं पाणी आज आणखी दाट आहे. इथूनसुद्धा त्याचा रंग दिसतो.

ताई


बुधवार, २० मार्च

धाकट्या,

आज पाचवा दिवस. काही झालेलं नाही.

काही झालेलं नाही, हे वाक्य तुला त्या तीन दिवसांत किती वेळा ऐकावं लागलं असेल. मला आता कळतंय. सकाळी तोंड धुताना कोणी मला विचारतं, "काय, आज पडणार का?" दुपारी पाण्याच्या रांगेत कोणी घड्याळ दाखवतं. मला रात्रंदिवस एकच भीती, की तो पडेल. आणि सकाळी उजाडल्यावर तो जागेवर दिसला की मनाचा एक कोपरा खट्टू होतो, की आजही मी खोटी ठरले. मला स्वतःची किळस आली. तुलाही असंच झालं होतं का? कोणाला सांगितलं होतंस का तू?

परवापासून साहेबांची गाडी खालच्या रस्त्यावर फिरते आहे, कर्णा लावून. बांध सुरक्षित आहे. सर्व्हरमधला बिघाड दुरुस्त झाला आहे. तेरा नंबरचं यंत्र सदोष असल्याचं मागच्या चौकशीतच सिद्ध झालेलं आहे. कामावर न आलेल्यांची गैरहजेरी लागेल. ही शेवटची दोन वाक्यं एकामागून एक.

लोक उतरू लागले. त्यांना दोष तरी कसा देऊ? वर्गाच्या फरशीवर किती दिवस झोपायचं? शाळेच्या आवारातून खालची सगळी घरं दिसतात, आणि कोण परतलं ते दोरीवरच्या कपड्यांवरून कळतं. सोमवारी चार घरांच्या दोऱ्यांवर कपडे होते. काल एकोणीस. आज सकाळी मी दात घासता घासता मोजले, एकसष्ट. बाबा पायवाटेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. लोक त्यांना नमस्कार करून बाजूने जात होते.

मी समोर जाऊन आकडे सांगायचे, आलेख दाखवायचे. पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की लोकांचा बांधावर विश्वास नाहीच आहे. त्यांचा विश्वास आहे तो चौकशीवर. ती चौकशी सांगते की भोंग्याचा आकडा खोटा होता. आणि ती चौकशी म्हणजे मी.

दहा वाजता खाली गेले. वसाहतीच्या मधल्या नळावर, जिथे सगळ्या बाया कपडे धूत होत्या. काकूही होत्या, कालच उतरल्या होत्या. मी उभी राहिले आणि मोठ्याने बोलले.

म्हटलं, माझ्या भावाचा आकडा खरा होता. तो मी पाहिला होता. पाहून पुसला, आणि चौकशीत खोटं सांगितलं. यंत्राला काही झालेलं नव्हतं. तुम्ही मागच्या वेळी वाचलात ते त्याने भोंगा वाजवला म्हणून, साहेबांनी त्यानंतर चोरून पाणी उतरवलं म्हणून. या वेळी त्यांनी उतरवलेलं नाही.

नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

काकू उठल्या. हात साबणाने भरलेले. माझ्यापर्यंत आल्या. "कधी पुसलंस?"

"साक्षीच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे दोन वर्षं झाली. दोन वर्षं माझी नात रोज माझ्याकडे झोपते, या घरात. भिंतीपलीकडे तू. रोज सकाळी मला विचारायचीस, काकू, दूध आलं का?"

"हो."

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या थेट आपल्या अंगणात गेल्या आणि दोरीवरचे कपडे ओढून काढू लागल्या. ओले, पाणी टपकणारे, चिमट्यांसकट. सगळे एका चादरीत कोंबले, गाठ मारली, नातीला हाताला धरलं आणि वरच्या वाटेला लागल्या. माझ्या शेजारून गेल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मग दुसरीने काढले. मग समोरच्या ओळीतल्या तिघींनी. साहेबांची गाडी तेव्हाच कोपऱ्यावरून वळली, कर्णा चालू होता, आणि कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

साहेबांनी मला बोलावणं पाठवलंय. खोटी साक्ष दिल्याबद्दल माझ्यावर काय काय होऊ शकतं ते निरोप आणणाऱ्याने सांगितलं. होऊ दे. त्या चौकशीत तुझ्या नावापुढे जे लिहिलंय ते आता माझ्या नावापुढे येईल, आणि ते माझंच होतं. शाळेत कोणी माझ्याशी बोलत नाही. माझ्या बाकाजवळची सतरंजी उचलून पलीकडे नेली त्यांनी. वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू? पण त्या सगळ्या इथे वर आहेत.

बाबा म्हणतात, मोरीतलं पाणी दुपारपासून कमी झालंय. मला बरं वाटलं, तर म्हणाले, "कमी झालं म्हणजे त्याने दुसरी वाट शोधली."

माफी मागत नाही. ती पत्रात मागायची गोष्ट नाही, आणि तू दिलीस तरी माझ्याच्याने घेववणार नाही. नाडी पाठव, नाहीतर घेऊन ये. बाबा रोज वाटेकडे बघतात, आणि मी विचारलं की म्हणतात, मोरी बघतोय. पण मोरी डावीकडे आहे.

हे पत्र टाकायला आता रस्त्यापर्यंत उतरायचं आहे. निघण्याआधी पुन्हा मोजलं. सहा दोऱ्यांवर अजून कपडे आहेत. मी आधी त्या सहा दारांत जाते आणि मग पेटीकडे.

ताई